ताळेबंदात नसलेले भांडवल

महिन्याच्या अखेरच्या दिवशी एस. टी.च्या कुठल्यातरी आगारात, पहिली पाळी संपता संपता, एक छोटा समारंभ होतो. कार्यशाळेतील पिटशेजारी चार खुर्च्या मांडल्या जातात. आगारप्रमुख दोन शब्द बोलतात, संघटनेचे पदाधिकारी चार शब्द अधिक बोलतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि ज्याच्या हातांच्या रेषांत तीस-पस्तीस वर्षांचे काळे तेल मुरले आहे असा हेड मेकॅनिक अवघडल्यासारखा उभा राहून सर्वांचे आभार मानतो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचा पगार ह्यांचे हिशेब लेखाशाखेत चालू असतात. ताब्यातील पाने, जॅक आणि गेज परत केल्याची नोंद होते. ह्या कामगाराकडे काही येणे बाकी नाही, असा दाखला तयार होतो.

हा दाखला खरा नसतो. आगाराची फार मोठी मालमत्ता बरोबर घेऊन तो माणूस त्या दिवशी फाटकाबाहेर पडतो. ह्यात त्याचा काडीचाही दोष नाही. ती मालमत्ता मागे ठेवून जाण्याची व्यवस्थाच कुणी केलेली नसते, आणि ती मालमत्ता आहे ह्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. पहिल्या पावसात चार गाड्या एकदम बंद पडतात, तेव्हा कार्यशाळेत कुणीतरी म्हणतो, ‘आज मिस्त्री असते तर...’ संस्थेच्या झालेल्या नुकसानीचा तेवढाच काय तो उच्चार.

मिस्त्री काय जाणतो?

ही मालमत्ता नेमकी कशी असते हे आधी नीट पाहिले पाहिजे. कारण ‘अनुभव’ ह्या गुळगुळीत शब्दाने तिचा बोध होत नाही. सकाळी गाडी चालू होत नाही. टाकीत डिझेल आहे, बॅटरी चांगली आहे, स्टार्टर फिरतो आहे. नवखा माणूस थेट पंपाला हात घालतो. जुना मेकॅनिक टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळीवरून बोट फिरवीत जातो, एका सांध्याशी थांबतो आणि लाइनने हवा धरली आहे असे सांगतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात एक सिलिंडर काम देत नसेल, तर तो चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करून पाहतो. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, दोष त्या सिलिंडरात. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज कोणता आणि बेअरिंगचा कोणता हे तो वेगळे करतो. घाट उतरून आलेल्या गाडीच्या ड्रमांजवळ हाताची पाठ नेऊन कोणत्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे, हे तो गाडी न खोलता सांगतो.

ह्यांपैकी काही गोष्टी पुस्तकात आहेत. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे, हे आय. टी. आय.चा विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण किती निळा धूर असलेली गाडी आणखी चार महिने चालू शकेल आणि कोणती आज रात्रीच थांबवली पाहिजे, हे पुस्तकात नसते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा आतून कुठे आधी खातो, मराठवाड्याच्या धुळीत एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या किती आधी कोंदतो, कोणत्या रस्त्यावरच्या गाड्यांचे पाटे पुन्हा पुन्हा तुटतात, हेही नसते. सुट्या भागांची टंचाई असताना कोणत्या गाडीला नवे ब्रेक लायनर आणि कोणती आणखी आठ दिवस सपाटीवरच पाठवायची, हा निर्णय कुणालातरी रोज घ्यावा लागतो. तो वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः त्या गाडीत बसणाऱ्या पन्नास माणसांच्या जिवाचा तो निर्णय असतो. शाळेला जाणारी मुलगी आणि बाजाराला निघालेला शेतकरी ज्याच्या भरवशावर घाट चढतात, तो निवृत्त होतो आणि त्याची जागा रिकामी राहते, ही म्हणूनच केवळ आस्थापना शाखेची बाब नव्हे.

अर्थशास्त्राने पाहिले, हिशेबाने पाहिले नाही

कामातून निर्माण होणारे हे ज्ञान अर्थशास्त्राला अगदीच अपरिचित आहे असे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो ह्यांनी १९६२ साली ‘करता करता शिकणे’ ह्या विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्वीडनमधील हॉर्नडाल येथील लोखंडाच्या कारखान्याचा दाखला दिला आहे. त्या कारखान्यात पंधरा वर्षे नवी गुंतवणूक झाली नव्हती. तरीही दर मनुष्यतासामागे होणारे उत्पादन वर्षाला सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास वाढत राहिले. यंत्रे तीच, इमारत तीच. वाढले होते ते काम करणाऱ्यांचे ज्ञान. भांडवल न घालता झालेल्या ह्या वाढीचे जनक कोण, हे उघड आहे. तिचा मोबदला कुणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तके सहसा विचारीत नाहीत.

समाजवादी अर्थचिंतक कार्ल पोलानी ह्यांचे धाकटे बंधू मायकेल पोलानी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माणसाला जेवढे शब्दांत सांगता येते त्याहून अधिक त्याला ठाऊक असते, हा विचार त्यांनी १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात विस्ताराने मांडला. आणि ही गोष्ट केवळ पाना चालवणाऱ्या हातांची नव्हे. हॅरी कॉलिन्स ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवून दिले की, एका विशिष्ट प्रकारचा लेझर केवळ छापील निबंध वाचून कोणत्याही प्रयोगशाळेला चालू करता आला नव्हता. ज्यांनी तो आधी बनवला होता त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आला तेथेच तो चालला. पदव्या मिळवलेल्या शास्त्रज्ञांची जर ही कथा, तर रात्रपाळीच्या हेल्परला छापील पुस्तिका हातात देऊन मोकळे होणाऱ्यांना काय म्हणावे?

असे असूनही हिशेबाच्या वहीत ह्या ज्ञानाला स्थान नाही. यंत्राचा घसारा दरसाल धरला जातो. इमारतीच्या दुरुस्तीची तरतूद होते. माणसाच्या हातातील कौशल्य मात्र ‘वेतनखर्च’ ह्या सदरात जाते आणि तो निवृत्त झाला की खर्च वाचला अशी नोंद होते. जेथे तोटा झाला तेथे बचत दाखवणारी ही हिशेबपद्धती अज्ञानातून आलेली असो की सोयीतून, तिचा परिणाम एकच.

‘आता संगणक आहे’

ह्यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे सारे जुन्या इंजिनांचे पुराण झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. आता इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे, संगणक जोडला की दोषाचा क्रमांक पडद्यावर उमटतो, आणि विजेवरच्या गाड्यांत तर इंजिनच नाही. मग म्हाताऱ्या मिस्त्रीसाठी गळा काढण्याचे कारण काय?

आक्षेपात तथ्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. चालू इंजिनावर नोझलचा नट सैल करण्याची जी रीत वर सांगितली, ती आजच्या कॉमन रेल इंजिनावर वापरणे प्राणघातक ठरू शकते. तेथे डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो आणि बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्याने ही एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्ञान जतन करावयाचे म्हणजे ते लोणच्यासारखे मुरत ठेवावयाचे नव्हे. त्याची सतत फेरतपासणी व्हावी लागते, आणि पन्नाशीच्या मिस्त्रीलाही नव्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसवावे लागते.

परंतु संगणक सांगतो ते किती? रेलमध्ये दाब कमी आहे, एवढे तो सांगतो. तो फिल्टर कोंदल्यामुळे, कुठेतरी हवा ओढली गेल्यामुळे, इंजेक्टर गळत असल्यामुळे, की पंप झिजल्यामुळे, हे शोधण्याचे काम माणसाकडेच राहते. ज्याला हा शोध घेता येत नाही तो एकामागून एक महागडे भाग बदलत सुटतो आणि खर्चाचे बिल सार्वजनिक तिजोरीवर चढते. साधने बदलली, दोष शोधण्याची विवेकबुद्धी बदलली नाही. ती जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच येते.

साखळी कुणी तोडली?

वय होणे हा निसर्गाचा नियम आहे, ज्ञान नाहीसे होणे हा नव्हे. प्रत्येक पिढीतले मिस्त्री म्हातारे झालेच. पण त्यांच्या हाताखाली मुले होती, त्यांतली काही टिकत होती आणि वीस वर्षांनी तीच मिस्त्री होत होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतर आगारोआगारी आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जी कारागिरांची पिढी उभी राहिली, ती एखाद्या विद्यापीठातून आली नव्हती. एकाने दुसऱ्याला हात धरून शिकवले होते.

ही साखळी आपोआप गंजून तुटलेली नाही. सार्वजनिक उपक्रमांत निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षे न भरणे, हे काटकसरीचे धोरण म्हणून राबवले गेले. शिकणारा आला तेव्हा शिकवणारा घरी बसलेला, असे अंतर त्यामुळे पडले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आय. टी. आय.ची मुले कार्यशाळांत येतात. पण कायद्याच्या लेखी ती कामगार नव्हेत, आणि मुदत संपली की त्यांना नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. मुलगा कामाला उपयोगी पडू लागतो तेव्हाच त्याला निरोप मिळतो आणि त्याच्या जागी नवा, पुन्हा काहीच न येणारा उमेदवार उभा राहतो. मिस्त्री तरी दरसाल नव्या मुलाला तेच ते प्राथमिक धडे किती उत्साहाने देणार? २०१८ साली मुदतबंद रोजगाराची मुभा सर्व उद्योगांना देण्यात आली. कंत्राटी मजुरी तर त्याआधीच सर्वत्र पसरली होती. ज्याला वर्षभरानंतर आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने वीस वर्षांत येणारी विद्या शिकावी अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे.

पुढची पायरी दुरुस्तीचे कामच बाहेर सोपवण्याची. मुंबईच्या बेस्टने २०१९ पासून भाडेतत्त्वावर गाड्या घेण्यास प्रारंभ केला आणि आज तिच्या ताफ्यातील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. गाडी त्यांची, चालक त्यांचा, देखभालही त्यांची. उपक्रमाने किलोमीटरप्रमाणे पैसे मोजावयाचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्या कंत्राटी कामगारांनी तुटपुंज्या वेतनाविरुद्ध काम बंद केले, तेव्हा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या आणि मुंबईकरांचे हाल झाले. कामगारांचा त्या वेळचा रोष रास्तच होता. परंतु त्याहून खोल धोका ध्यानात घेतला पाहिजे. ज्या संस्थेला आपली गाडी दुरुस्त करता येत नाही, तिला कंत्राटदाराचे बिल तपासताही येत नाही. ज्ञान गेले की सौदा करण्याची शक्ती जाते, आणि सार्वजनिक उपक्रम केवळ फलकापुरता सार्वजनिक राहतो.

मुंबईच्या गिरण्यांनी हा धडा एकदा शिकवलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. जमिनीचा भाव ठरला, यंत्रे भंगाराच्या वजनावर गेली. मागाची लय कानाने ओळखणारा, तुटल्या धाग्यावरून सांच्यातील दोष सांगणारा माणूस मात्र कुठे रखवालदार झाला, कुठे भाजीची पाटी घेऊन बसला. जमिनीच्या वाटपावरून कज्जे झाले, मोर्चे निघाले, आणि ते निघणे आवश्यकच होते. त्या कौशल्याचे काय झाले हे मात्र कुणी विचारले नाही.

मिस्त्रीची बाजू आणि मिस्त्रीचे दोष

येथे एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागते. जुना कारागीर आपली विद्या पुष्कळदा स्वतःहून देत नाही. नेमका सांधा जोडावयाच्या वेळी मुलाला चहा आणायला पाठवणारे उस्ताद प्रत्येक कार्यशाळेत होऊन गेले. ह्याला स्वभावदोष म्हणून चालणार नाही. फ्रेडरिक टेलरने १९११ साली आपल्या व्यवस्थापनशास्त्राचा पायाच असा घातला की, कामगारांपाशी परंपरेने साठलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम बांधावेत आणि ते नियम आज्ञा म्हणून कामगारांवर लादावेत. हॅरी ब्रेव्हरमन ह्यांनी १९७४ साली त्याचे मर्म उघड केले : अशाने काम विचारापासून तोडले जाते आणि कामगार स्वस्त व बदलता येण्याजोगा होतो. ‘मला जे येते ते सगळे लिहून दिले, तर उद्या माझी गरज काय?’ हा मिस्त्रीचा संशय म्हणजे शंभर वर्षांच्या अनुभवाचे सार आहे.

पण त्याबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, दडवलेली विद्या कामगारवर्गालाही सुखाची ठरलेली नाही. गिरण्यांतील जॉबर हा जसा जाणकार, तसाच नोकऱ्या देणारा आणि त्यासाठी हात ओले करून घेणारा होता. १९३१ साली आपला अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने त्याच्या ह्या अधिकारांवर कोरडे ओढले होते. विद्या सत्तेशी बांधली गेली की ती नात्यागोत्यात, जातीत आणि गावकीत फिरू लागते. दलित मुलाच्या हाती पाना उशिरा आणि झाडू लवकर येतो. मुलींच्या हाती तर तो कालपरवापर्यंत कुणी देतच नव्हते. म्हणून समाजवाद्यांची मागणी जुनी उस्तादशाही परत आणण्याची असू शकत नाही. व्यवस्थापनाने लुटलेले ज्ञान नको आणि व्यक्तीने दडवलेलेही नको. ते कामगारांच्या समूहाचे असावे, अशी ती असली पाहिजे.

मागणीपत्रात नसलेली मागणी

चळवळीने येथे थोडे आत्मपरीक्षण करावे हे बरे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत महागाई भत्ता, बोनस, बढती, बदल्या ह्यांचे रास्त स्थान आहे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांनी जो दीर्घ संप केला, त्यात विलीनीकरण आणि वेतन हे प्रश्न पुढे यावेत हे स्वाभाविकच होते. पोटाला चिमटा बसलेला माणूस आधी भाकरीची गोष्ट बोलतो. परंतु ‘आम्हांला शिकवण्याचा आणि शिकण्याचा हक्क हवा’ ही मागणी आपल्या मागणीपत्रांत अभावानेच आढळते. ती यावी.

तिचे स्वरूप अवघड नाही. कुशल कारागिराची जागा तो निवृत्त झाल्यावर नव्हे, निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी भरावी, म्हणजे दोघे शेजारी उभे राहतील. त्या दोन वर्षांच्या दुहेरी वेतनाला उधळपट्टी म्हणणाऱ्याने एका चुकीच्या निदानाने बदललेल्या भागांची किंमत समोर मांडावी. शिकवणे हे कामाचाच भाग मानून त्यासाठी पाळीतील वेळ आणि वेगळा भत्ता द्यावा, आणि शिकवल्यामुळे कुणाचीही नोकरी, बढती किंवा दर्जा धोक्यात येणार नाही, असा लेखी करार संघटनेशी करावा. शिकाऊ उमेदवारांतून रिक्त जागा भरणे बंधनकारक करावे. प्रत्येक कार्यशाळेत मराठीत एक दोषवही असावी : कोणती गाडी, काय लक्षण, काय शंका आली, अखेरीस काय निघाले. ती कामगारांनी लिहावी, कामगारांच्या ताब्यात राहावी आणि हेल्परलाही उघडता यावी. चुकलेले निदानही तीत नोंदले जावे, कारण चूक लपवण्याची गरज उरली नाही तरच ती दुसऱ्याला शिकवू शकते. ज्या गाड्या बाहेरून घ्यावयाच्या, त्यांच्या करारात दोषनिदानाची साधने आणि सार्वजनिक उपक्रमाच्या कामगारांचे प्रशिक्षण ह्यांची अट असावी. अन्यथा करार करू नये.

ह्यांतील काही गोष्टींसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारणही नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावात असा एखादा निवृत्त मेकॅनिक ओट्यावर बसलेला असतो आणि जवळच्या आय. टी. आय.तली मुले प्रत्यक्ष कामाच्या ओढीने तळमळत असतात. कार्यकर्त्यांनी ह्या दोघांची गाठ घालून द्यावी, आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या गॅरेजात जमवावी, मुलींना तेथे आवर्जून बोलवावे. अभ्यासमंडळात मार्क्सचे ग्रंथ वाचणाऱ्यांनी श्रमाचे हे जिवंत पुस्तकही उघडावे. त्याची दुसरी प्रत निघत नाही.

मग एखाद्या महिन्याच्या अखेरीस पिटशेजारी पुन्हा चार खुर्च्या मांडल्या जातील. शाल-श्रीफळ होईल, भाषणे होतील. भाषणे चालू असतानाच फाटकातून एखादी गाडी खडखडत आत येईल, आणि समारंभातून उठून मिस्त्रीने हाताखाली घडवलेली विशीतली मुलगी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून तिच्याशी उभी राहील. ह्या कामगाराकडे काही येणे बाकी नाही, हा दाखला त्या दिवशी खरा असेल.